पोटावर नको

रविवारी सकाळी गंगूने आधी खिडकीचा पडदा ओढून घेतला, मग दाराला आतून कडी लावली आणि त्यानंतरच फ्रिज उघडला. कोथिंबिरीच्या जुडीखाली, दह्याच्या पातेल्यामागे दडवलेला स्टीलचा डबा तिने काढला आणि पदराखाली धरून आतल्या खोलीत नेला. घरात मायलेकींखेरीज कोणी नव्हतं. तरीही डबा पदराखालीच होता.

स्वप्नालीने कुर्ता बेंबीपर्यंत वर घेतला. पोटावर जांभळे डाग होते. काही हिरवट, काही पिवळे पडत चाललेले. सुईसाठी रोज नवी जागा शोधावी लागे. तिने चिमटीत कातडी धरली, श्वास सोडला आणि सुई आत लोटली. औषध थंड होतं. ते आत शिरताना जळत जाई, आणि ती भिंतीवरच्या पालीकडे पाहत मनातल्या मनात मोजत राही.

"झालं?" गंगूने पाठमोरीच विचारलं. तिने हे कधी पाहिलं नव्हतं.

"झालं."

बदलापूरच्या बेलवलीतल्या त्या इमारतीत दाराबाहेर रविवार नेहमीसारखा उगवला होता. खालच्या मजल्यावर कोणी मासळी साफ करत होतं, जिन्यात मुलांची भांडणं चालली होती. गंगूने शेजारणींना सांगून ठेवलं होतं की पोरीच्या अंगात रक्त कमी आहे, व्हिटॅमिनची इंजेक्शनं चालू आहेत. शेजारणींनी बीट आणि खजूर सुचवले होते. रोज कोणीतरी बीट आणून देई, आणि गंगू ते किसून मुलीला खायला घाली, जणू आपणच सांगितलेल्या खोट्याची सेवा करत राहिलं की ते एक दिवस खरं होईल.

खरं दुखणं मानेत होतं. अंबरनाथच्या आनंदनगरमध्ये रंगाच्या एका कंपनीत स्वप्नाली प्रयोगशाळेत कामाला होती. एके सकाळी पांढऱ्या कोटाचं वरचं बटण लागेना. तिने हात लावून पाहिला, तर कातडीखाली सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून तिने ती काही दिवस विसरून पाहिली. मग काखेतही तशीच गाठ सापडली. पुढे मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या, मानेतून तुकडा काढला गेला आणि एका तरुण डॉक्टरने शांतपणे सांगितलं की हा लसिकाग्रंथींचा कर्करोग आहे, बरा होण्याची शक्यता पुष्कळ आहे, मात्र केमोथेरपी लवकर सुरू करावी लागेल.

गंगूने डॉक्टरांना आजाराविषयी एकही प्रश्न विचारला नाही. बाहेर आल्यावर ती मुलीला म्हणाली, "कुणाला सांगू नकोस."

"दादाला?"

"त्याला तर अजिबात नाही."

त्यालाही कारण होतं. स्वप्नालीचं लग्न जमत आलं होतं, आणि ते जमवलं होतं तिच्या वहिनीने, मायाने. मुलगा, राजरत्न, मायाच्या मावशीचा. वीज मंडळात नोकरीला. दादाला, नरेंद्रला, कळलं की मायाला कळणार, मायाला कळलं की मावशीला कळणार. म्हणून गंगूने पोटच्या मुलापासून पोटच्या मुलीचं दुखणं लपवलं. वडील गेले तेव्हा नरेंद्र अकरावीत होता. शिक्षण सोडून तो उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागला, आता तिथेच सुपरवायझर होता आणि तिथेच भाड्याने राहत होता. स्वप्नालीची बी.एस्सी. त्याच्या बोटांच्या निळ्या डागांवर उभी होती. ते ती विसरली नव्हती, आणि तोही तिला विसरू देत नसे.

या घराने एका पिढीपूर्वी धम्म स्वीकारताना पुष्कळ काही टाकून दिलं होतं. पत्रिका नको, मुहूर्त नको, मानपान नको. लग्नाची तारीख म्हणजे हॉल मिळेल ती तारीख, असा साधा हिशोब. पण मुलीचं दुखणं झाकण्याची रीत कोणत्या गाठोड्यात बांधली जाऊन सोबत आली, हे कोणाला सांगता आलं नसतं. ती रीत या एका घराचीही नव्हती. वरच्या मजल्यावरच्या श्रीपादकाकांनी मुलीचे फिटचे झटके लग्न लागेपर्यंत लपवले होते. सत्यनारायण घालून, ग्रह पाहून लपवले होते. श्रद्धा वेगळ्या, विधी वेगळे, भीती मात्र दोन्ही मजल्यांवर एकच नांदत होती. मुलीला सर्दी होऊ शकते, ताप येऊ शकतो. ज्याला नाव आहे असा आजार तिला होऊ शकत नाही.

रुग्णालयातूनच त्यांना उल्हासनगरच्या एका केंद्रात डॉक्टर वृंदांकडे पाठवलं गेलं. त्यांनी समजावून सांगितलं: केमोची औषधं आजाराला मारतात, तशी अंडाशयालाही इजा करतात, किती, ते आधी सांगता येत नाही. म्हणून उपचार सुरू होण्याआधी इंजेक्शनं देऊन स्त्रीबीजं वाढवायची, ती काढून गोठवून ठेवायची. त्यासाठी कर्करोगाच्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांची सवड दिली आहे. संधी एकदाच. गंगूने लगेच मान डोलावली. लग्नानंतर मुलीला कोणी वांझ म्हणू नये, एवढंच तिला त्यातून कळलं होतं आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

डॉक्टरांनी मग गंगूला बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर त्या म्हणाल्या, "तुझं लग्न होणार की नाही, ते मी विचारत नाही. तुला काय हवंय?"

स्वप्नालीला कितीतरी लोकांनी कितीतरी प्रश्न विचारले होते, पण हा प्रश्न तिच्या ओळखीचा नव्हता. "मला मूल हवंय की नाही, तेच मला माहीत नाही," ती शेवटी म्हणाली.

"मग ते कळेपर्यंत दार उघडं ठेवू."

त्या दिवसापासून सुईची भीती गेली. तिने ज्याला कधी पाहिलं नव्हतं अशा कोणा बाळासाठी ती पोटात सुया टोचत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट अशी होती की जिचं काय करायचं ते फक्त तिने ठरवायचं होतं; आजाराने नाही, आईने नाही, राजरत्नच्या घराने नाही. रात्री पोटावर हात ठेवून ती निजे तेव्हा तिला आत काहीतरी जपून ठेवल्यासारखं वाटे, आणि मानेतल्या गाठीचा विसर पडे.

शनिवारच्या सोनोग्राफीत डॉक्टर वृंदांनी पडदा तिच्याकडे वळवून दाखवला. अंडाशयं सुजून द्राक्षांच्या घडासारखी झाली होती. बुधवारी बीजं काढायची होती, त्यानंतर लगेच केमो. डॉक्टरांनी बजावलं: धावायचं नाही, जड उचलायचं नाही, पोटाला धक्का लागू द्यायचा नाही, या दिवसांत अंडाशय फाटू शकतं.

आणि रविवारी राजरत्नच्या घरचे तारीख ठरवायला येणार होते.

स्वप्नालीने राजरत्नला सगळं सांगायचं ठरवलं होतं. गंगूने तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. तारीख ठरेपर्यंत तोंडातून शब्द काढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील, असं ती म्हणाली. अशा शपथांवर स्वप्नालीचा विश्वास नव्हता. पण आईच्या डोक्यावरचे विरळ झालेले केस तळव्याला लागले आणि तिने हो म्हटलं. तारीख ठरू दे. मग त्याला एकटं गाठून सांगेन.

पाहुणे आले. जय भीम झाला, चपला दाराबाहेर ओळीने लागल्या. राजरत्न, त्याची आई, त्याचे काका आणि त्यांना घेऊन आलेली माया. नरेंद्र कारखान्यातून परस्पर येणार होता; शिपमेंट होतं, म्हणून रविवारीही अर्धा दिवस काम होतं. मायाने नणंदेची फिरकी घेतली, "बघ हं, आमच्या राजाला चहात साखर जास्त लागते, आत्तापासून लिहून ठेव." सगळे हसले. राजरत्नही मान खाली घालून हसला. काका बदलापुरातल्या हॉलची नावं घेऊ लागले. कुठलं पार्किंग चांगलं, कुठे जेवण बाहेरून आणू देत नाहीत. गंगू स्वयंपाकघरात वडे तळत होती. तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी उजेड आला होता.

तेवढ्यात नरेंद्र आला. त्याने पाहुण्यांना जय भीम केला, काकांच्या पाया पडला, बुटांचे बंद न सोडता आत आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बहिणीला हलक्या आवाजात म्हणाला, "आत ये जरा."

त्याचा आवाज इतका मऊ होता, की ती हातातली बशीही न ठेवता त्याच्यामागे गेली.

दार लागलं. पहिली थप्पड बसली तेव्हा बशी पलंगावर पडली, फुटली नाही. दुसरी कानावर बसली आणि त्या बाजूचं जग बंद झालं. तिसऱ्या वेळी त्याने केसांना धरून तिचं डोकं कपाटावर आपटलं. हे सगळं त्याने आवाज न करता केलं. तोंडातून शब्द नाही, शिवी नाही. बाहेर पाहुणे होते. आणि तिनेही ओठ आत दाबून घेतले; बाहेर पाहुणे होते. ओठ दातांत सापडून फाटला, रक्त हनुवटीवर आलं, आणि ते नव्या कुर्त्यावर पडू नये म्हणून तिने ओढणीने टिपलं. आपण असं का केलं, याचा तिला पुढे कित्येक दिवस अचंबा वाटत राहिला.

गंगूने पहिला आवाज ऐकला होता. आईला तो आवाज ओळखू येतो. तिने हात पुसले, वड्यांबरोबरच्या चटणीचं खोबरं भांड्यात टाकलं आणि मिक्सर सुरू केला.

मिक्सरच्या घरघरीत नरेंद्र पहिल्यांदा बोलला. कारखान्यात धुलाईच्या मशीनवरचा एक माणूस सकाळी सगळ्यांसमोर हसत त्याला म्हणाला होता, "नरेंद्रभाई, बहन को भी लाइन पे लगा दिया क्या?" त्या माणसाने स्वप्नालीला केंद्रातून बाहेर पडताना पाहिलं होतं, एकदा नाही, बऱ्याचदा. त्या कारखान्यातल्या दोन-तीन बाया कोणा दलालामार्फत आपली स्त्रीबीजं, तिथल्या भाषेत अंडी, विकून आल्या होत्या, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या पोटावरचे डागही त्या इतर बायकांना दाखवत, आणि पुरुषांमध्ये त्यावर विनोद चालत.

"येडा समजतेस मला? अंडी विकतेस?" नरेंद्रने दातांतून विचारलं. "माझी बहीण? मी बोटं कापून घेतली तुझ्यासाठी."

त्याने तिला भिंतीला दाबलं आणि कुर्ता वर ओढला. जांभळे, हिरवे, पिवळे डाग उघडे पडले. तो क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यासकट त्याने तिच्या तोंडावर मूठ मारली.

तिने शपथ मोडली. "दादा, मला कॅन्सर आहे," ती म्हणाली. "औषधाने सगळं जाईल म्हणून आधी काढून ठेवतायत. माझीच आहेत. माझ्यासाठी."

तो थांबला. एवढ्यावरच ही गोष्ट संपू शकली असती. त्याचा हात खाली आला, त्याने तिच्या मानेकडे पाहिलं, ओढणीखालच्या छोट्या पट्टीकडे पाहिलं. त्याला विश्वास ठेवायचा होता. हे तिला स्पष्ट दिसलं. त्याने दार अर्धं उघडलं.

"आई, जरा मिक्सर बंद कर."

मिक्सर थांबला. बाहेर काकांचं हॉलविषयीचं बोलणंही थांबलं. सगळं घर एकदम रिकामं झाल्यासारखं शांत झालं.

"आई, हिला कॅन्सर आहे का?"

गंगू ओट्यापाशी उभी होती. तिला तिथून दोघीही दिसत होत्या: दाराच्या फटीतून मुलीचा रक्ताळलेला चेहरा, आणि दुसरीकडे बाहेरच्या खोलीत हातातला चहा तसाच धरून ऐकत बसलेली राजरत्नची आई. गंगूने आधी मुलीकडे पाहिलं. मग बाहेर पाहिलं. आणि ती हसली.

"कसला कॅन्सर रे? काहीतरीच. व्हिटॅमिनची इंजेक्शनं आहेत ती," ती म्हणाली, आणि पाहुण्यांकडे वळून पुढे म्हणाली, "भावा-बहिणीची थट्टा चाललीये. लहानपणापासून असेच हे."

मिक्सर पुन्हा सुरू झाला.

नरेंद्रने दार लावलं. आता त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याहून वाईट काहीतरी होतं. स्वप्नालीला कळलं की आता हा थांबणार नाही. ती भिंतीला पाठ लावून खाली सरकली, गुडघे पोटाशी घेतले, दोन्ही हात पोटावर बांधले. तिला बुधवार आठवला.

"दादा, पोटावर नको," ती म्हणाली. "बाकी कुठेही मार. पोटावर नको."

एवढं एक वाक्य पुरलं. त्याच्या लेखी तोच कबुलीजबाब होता. जिथे मारू नको म्हणते, तिथेच पाप आहे. त्याने तिचे हात ओढून बाजूला केले आणि बुटाची लाथ मारली. मग पुन्हा मारली. दुसऱ्या लाथेला तिच्या आत काहीतरी तुटलं. आवाज झाला नाही. फक्त एक ऊब आतल्या आत पसरत गेली, आणि तिला वाटलं, आपल्या पोटात कोणीतरी दिवा लावला आणि तो कलंडला.

नरेंद्र मोरीत जाऊन तोंड धुऊन आला. गंगू आत डोकावली. मुलगी फरशीवर कुशीवर पडलेली पाहून तिने तिच्या तोंडावर पाणी शिंपडलं, ओठावरचं रक्त पदराने पुसलं आणि कानाशी वाकून पुटपुटली, "थोडा वेळ पडून राहा, बाय. जातीलच आता ते." बाहेर जाऊन तिने सांगितलं की पोरीने सकाळपासून काही खाल्लं नाही, घेरी आली. राजरत्नची आई म्हणाली, आजकालच्या पोरींचं असंच; डाएट. काकांनी हॉलवाल्याला फोन लावला. आत भिंतीपलीकडे स्वप्नालीला सगळं ऐकू येत होतं, एका कानाने. डिसेंबरातला शेवटचा रविवार मोकळा होता. सगळ्यांनी पेढा खाल्ला. तिच्या पोटात रक्त साठत होतं आणि बाहेर तिची तारीख ठरत होती.

पेढा घेऊन माया आत आली. "चला नवरीबाई," एवढं बोलून ती थांबली. नणंदेचे ओठ पांढरे पडले होते. तिने कपाळाला हात लावला तर घाम बर्फासारखा होता. मायाच्या हातातला पेढा खाली पडला. तिने कोणाला विचारलं नाही, कोणाला समजावलं नाही, पाहुण्यांच्या मधून स्वप्नालीला खांद्याचा आधार देत ती जिन्याकडे निघाली आणि राजरत्नला म्हणाली, "बघतोस काय? रिक्षा थांबव." चालताना स्वप्नालीने तिच्या कानात डॉक्टर वृंदांचं नाव सांगितलं. त्यानंतरचं तिला आठवत नाही.

शुद्धीवर आली तेव्हा नाकात नळी होती आणि पोटावर टाके. डॉक्टर वृंदा खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी काही लपवलं नाही. डावं अंडाशय फाटलं होतं, पोट रक्ताने भरलं होतं. ते अंडाशय काढावं लागलं. रक्तदाब इतका खाली होता की बीजं काढण्याचा विचार करायलाही वेळ नव्हता, जीव आधी. आणि आता थांबता येणार नव्हतं. टाके भरत आले की केमो सुरू. आजार दुसऱ्यांदा सवड देणार नव्हता.

"उजवं?" स्वप्नालीने विचारलं.

"आहे. केमो चालू असेपर्यंत त्याला निजवून ठेवणारं इंजेक्शन देऊ. ते वाचेलच, असं मी सांगू शकत नाही."

स्वप्नाली रडली नाही. छताकडे पाहत ती विचार करत राहिली की जे कधी नव्हतंच, त्यासाठी कसं रडतात. मग तिला उमगलं की गेलं ते मूल नव्हतं. तो प्रश्न गेला होता, जो पहिल्यांदाच तिला विचारला गेला होता. आणि तिने अजून उत्तर दिलं नव्हतं.

राजरत्नच्या आईने मायाला फोन करून आपल्या बाजूने विषय संपवला होता. आम्हाला अंधारात ठेवलं, एवढं एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा बोलली, आणि त्या वाक्यात खोटं काही नव्हतं.

नरेंद्र वॉर्डच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याने दाढी केली नव्हती, आणि मायाने त्याच्याशी बोलणं बंद केलं होतं. तो पलंगापर्यंत आला, गुडघ्यांवर बसला आणि चादरीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. पलीकडच्या पलंगावरची माणसं पाहू लागली. "मला कोणी सांगितलं नाही, स्वप्ना," तो म्हणत राहिला. "मला कोणी सांगितलंच नाही."

स्वप्नालीने त्याचं रडणं ओसरू दिलं.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. आईने नाही म्हटलं म्हणून, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. कारण समजा आईचं म्हणणं खरं असतं, समजा बहिणीने खरोखरच काही विकलं असतं, तरी तिचं पोट त्याचं नव्हतं. हे त्याला त्या क्षणी कळलं की नाही, कोण जाणे. तो उठून बाहेर बाकावर जाऊन बसला.

रुग्णालयाने पोलिसांना कळवलं होतं. जबाब घ्यायला एक महिला हवालदार आली. थकलेली, पायातला बूट सैल करून स्टुलावर बसलेली. ती यायच्या आधी गंगूने मुलीचे पाय चेपत चेपत सगळं सांगून ठेवलं होतं. बाथरूममध्ये पाय घसरला, बादलीवर पडले. एवढंच बोल. त्याची नोकरी जाईल, मायाचा संसार जाईल. त्याने तुला शिकवलं. जे गेलं ते गेलं, बाय. आता घर तरी राहू दे.

"कशा पडलात, ताई?" हवालदारबाईने सवयीने विचारलं. तिला असल्या बादल्या पाठ होत्या.

"मी पडले नाही," स्वप्नाली म्हणाली. "माझ्या भावाने मारलं. नरेंद्र नाव आहे त्याचं, बाहेर बाकावर बसलाय. पोटावर मारू नको असं सांगितल्यावर त्याने पोटावर लाथा मारल्या."

"अगं..." गंगूने तिचा पाय घट्ट धरला.

"तो वाईट आहे असं लिहू नका. चांगला आहे असंही लिहू नका. काय केलं तेवढंच लिहा." तिला धाप लागली. टाके ओढत होते. थोडं थांबून ती म्हणाली, "आणि मला कॅन्सर आहे. तेही लिहा. झाकायचं म्हणूनच हे झालं."

हवालदारबाईचं पेन थांबलं. तिने गंगूकडे पाहिलं. "तुम्ही होतात घरात?"

स्वप्नालीने आईकडे पाहिलं, रागाने नाही. "आई, दादाने तुला काय विचारलं होतं, ते सांग. तू काय म्हणालीस, तेही सांग."

वॉर्डात दुपारच्या जेवणाच्या ताटांचा आवाज चालू होता. गंगूने मुलीचा पाय सोडला, पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि पुन्हा मागे टाकला.

"त्याने विचारलं, हिला कॅन्सर आहे का," ती शेवटी म्हणाली. "मी नाही म्हणाले. पाहुणे बसले होते. मी हसले." आणि मग एवढ्या मोठ्याने, की ताटं वाढणारी बाईही वळून पाहू लागली, "माझ्या मुलीला कॅन्सर आहे. त्याने विचारलं त्याच्या आधीपासून आहे. मला माहीत होतं."

हवालदारबाई खाली मान घालून लिहू लागली. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या रुग्णाची सून इतका वेळ कान देऊन ऐकत होती. ती सरकत जवळ आली, आवाज खाली आणून, कळवळून, अगदी मायेने तिने गंगूला विचारलं, "लग्न व्हायचंय का हो अजून हिचं?"

गंगूच्या तोंडात उत्तर तयारच होतं. वर्षानुवर्षं ते असंच तयार राहत आलं होतं. ते तिने गिळलं. तिने पलंगाकडे पाहिलं.

"ती जागी आहे," गंगू म्हणाली. "तिलाच विचारा."